कड्यावरून कडा दिसत नाही

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, प्रवासाहून परत आल्यावर आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोटो दाखवतो, तेव्हा आपल्या तोंडी एक वाक्य हमखास येतं. ‘फोटोत तितकं नीट आलं नाही, पण प्रत्यक्षात काय सुंदर होतं म्हणून सांगू!’ पाहुणे बिचारे मान डोलावतात, तेवढ्यात चहा येतो आणि विषय बदलतो. हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा म्हटलंय, की आज त्याच्याविषयीच बोलावं म्हणते. प्रत्यक्षात सुंदर होतं हे तर खरंच. मग ते फोटोत का आलं नाही? कॅमेरा साधा होता म्हणून? क्वचित तसं असेलही, पण बहुतेक वेळा कारण निराळं असतं.

आधी माझी फजिती सांगते. २००४ सालच्या ऑक्टोबरात आम्ही चौघं हरिश्चंद्रगडावर निघालो होतो, पाचनईच्या वाटेनं. आदल्या रात्री वडिलांनी मला हाक मारली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा स्वतः १९६४ साली खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेनं हा गड चढून गेले होते. आता त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. घराचे दोन जिने हीच त्यांची रोजची चढाई. म्हणाले, ‘देवळाचे आणि गुहेचे फोटो नाही काढलेस तरी चालेल, ते पुस्तकांत असतात. मला कोकणकडा आण. एकदा परत बघायचाय.’

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हरिश्चंद्रगड हा अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरचा डोंगर. त्याची पश्चिमेची कड म्हणजे कोकणकडा. हा कडा सरळ तुटलेला नाही, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. वरची कड पुढे आणि पोट आत. त्यामुळे उभ्या उभ्या खाली बघायची सोयच नाही. लोक पालथे पडून, सरपटत कडेपर्यंत जातात आणि फक्त डोकं बाहेर काढून कोकणात डोकावतात. अण्णांनी तसंच केलं होतं. त्यांचा एक मित्र मागे बसून त्यांचे पाय घट्ट धरून होता. खालून वाऱ्याचा असा झोत आला, की डोक्यावरची टोपी उडून पार मागे जाऊन पडली. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून पन्नासदा ऐकली होती.

कड्यावर आम्ही पोचलो ते भर दुपारी बारा वाजता. मी हरखून गेले. माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता, छत्तीस फोटोंचा एक रोल. त्यातले बावीस फोटो मी त्या कड्यावर उडवले. परत आल्यावर रोल धुवायला टाकला, चार बाय सहाच्या प्रिंट्स आल्या. अण्णांनी चष्मा पुसला आणि एकेक फोटो उजेडाकडे धरून पाहिला. सगळे पाहून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा पाहिले. मग म्हणाले, ‘यात कडा कुठे आहे गं?’

कडा नव्हताच. बावीसपैकी एकाही फोटोत नव्हता. वरच्या अर्ध्यात पांढुरकं आकाश, खालच्या अर्ध्यात निळसर धुरकट काहीतरी आणि मधे क्षितिजाची फिकट रेघ. खंडाळ्याला काढला म्हटलं असतं तरी चाललं असतं, एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून काढला म्हटलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. अण्णांनी फोटो पाकिटात नीट घातले आणि ‘छान आलेत’ म्हणाले. ते ‘छान’ मला फार लागलं. त्यांनी रागावलेलं परवडलं असतं.

नंतर विचार केल्यावर लक्षात आलं, की मी कड्याच्या टोकाशी जाऊन समोर कॅमेरा धरत होते. टोकावर उभं राहिलं की कडा आपल्या पायाखाली जातो. समोर उरते ती नुसती हवा. त्या जागी मला जे वाटत होतं, म्हणजे पोटातला गोळा, खालून येणारा वारा, ‘पुढे जाऊ नकोस’ म्हणून मागून ओरडणाऱ्या मैत्रिणी, हे सगळं माझ्या अंगात होतं. कॅमेऱ्याच्या पुढे त्यातलं काहीच नव्हतं.

आपला डोळा आणि कॅमेरा यांच्यातला फरक इथे आहे. आपण एखाद्या दृश्याकडे बघतो म्हणजे खरं तर डोळे सारखे फिरवत असतो. दूरचं शिखर, खालचं गाव, पायाजवळचं गवत असे तुकडे पाहतो आणि मन ते जोडून एक मोठं चित्र तयार करतं. त्यात जे आवडलं ते मोठं होतं, नको ते गळून पडतं. विजेची तार आपल्याला दिसतच नाही. दोन डोळ्यांमुळे जवळचं-लांबचं कळतं, शिवाय मान हलवली की जवळच्या वस्तू भराभर सरकतात आणि लांबच्या जागेवर राहतात, त्यावरूनही अंतर कळतं. कॅमेऱ्याला यातलं काही जमत नाही. त्याला एकच डोळा, तोही स्थिर. समोरचं सगळं तो एका सपाट आयतात भरतो. आपल्याला आवडलेलं शिखर आणि आपल्याला न दिसलेली तार, दोन्ही सारख्याच इमानदारीनं टिपतो. शिखर लांब असेल तर ते बोटाच्या नखाएवढं होतं. हल्ली मोबाइलमध्ये ‘०.५’ असं लिहिलेलं एक बटण असतं. ‘सगळं मावतं’ म्हणून नवी मंडळी डोंगरात गेली की पहिलं तेच दाबतात. मावतं खरंच, पण मुळात लहान दिसणारं शिखर त्यानं आणखी निम्मं होतं.

म्हणून कंपोझिशन, ज्याला मराठीत आपण रचना म्हणतो, ती रांगोळीसारखी वस्तूंची मांडामांड नसते. डोंगर आपण उचलून इकडचा तिकडे ठेवू शकत नाही. जे मनानं आपोआप केलेलं असतं, म्हणजे निवडणं आणि गाळणं, ते कॅमेऱ्यासाठी आपल्याला जाणूनबुजून करावं लागतं, एवढाच रचनेचा अर्थ.

ही अडचण कॅमेऱ्याच्याही आधीची आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातली हौशी मंडळी डोंगर-तळी बघायला जाताना खिशात एक छोटा आरसा नेत. काळसर रंगाचा, थोडा फुगीर. सतराव्या शतकातला निसर्गचित्रकार क्लोद लोरँ याच्या नावावरून त्याला ‘क्लोद आरसा’ म्हणत. त्याची गंमत अशी, की तो वापरायचा तर दृश्याकडे चक्क पाठ करून उभं राहायचं आणि हातातल्या आरशात ते बघायचं. एवढं मोठं दृश्य तळहाताएवढ्या चौकटीत येई. काळसर काचेमुळे बारीकसारीक तपशील बुजत आणि उजेड-सावलीचे मोठे भाग तेवढे उरत. थॉमस ग्रे हा प्रसिद्ध इंग्रज कवी १७६९ साली असाच आरसा घेऊन तिकडच्या सरोवरांच्या प्रदेशात हिंडत होता. आरशात बघता बघता तो एका चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की बोटांच्या सांध्यांना लागलं, पण मी तिथेच थांबलो आणि सूर्यास्त पाहिला. कड्यावर सेल्फी काढताना मागे मागे सरकणाऱ्या आजच्या मुलांनी हे वाचावं. ग्रेच्या मागे चिखल होता, दरी नव्हती, हे त्याचं नशीब.

असा आरसा आता मिळणार नाही, पण त्याचं काम करणारी वस्तू घरात फुकट पडलेली असते. जुनी लग्नपत्रिका घ्या. तिचा जाड कागद कापून मधोमध सहा सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर उंच अशी खिडकी पाडा. एक डोळा मिटा आणि दुसऱ्या डोळ्यानं त्या खिडकीतून बघा. पत्रिका डोळ्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर धरली, तर साधारण मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याएवढं दृश्य दिसतं. हात लांब करत गेलात की झूम करत गेल्यासारखं दृश्य आवळत जातं. एक डोळा मिटल्यामुळे खोलीची जाणीव कमी होते, म्हणजे आपण कॅमेऱ्याच्या जवळ येतो. पापण्या किलकिल्या केल्यात तर तपशील बुजून गडद आणि उजळ भाग वेगळे दिसतील, तो झाला आपला काळा आरसा. आमच्या गिर्यारोहण गटातल्या नव्या मुलांना मी पहिले दोन तास मोबाइलला हात लावू देत नाही, ही पत्रिका हातात देते. आधी हसतात. मग ‘मॅडम, या झाडाला इथून काढता येईल का?’ असं विचारायला लागतात. झाड निघत नाही, आपण चार पावलं सरकायचं असतं, हे त्यांना तिथेच कळतं.

चार पावलं सरकणं आणि झूम करणं यांत फरक आहे, तो जरा नीट सांगते. घराच्या खिडकीपाशी उभे राहा. समोर जवळचं एखादं झाड आणि त्यामागे देवळाचा कळस आहे असं धरा. तुम्ही जागच्या जागी झूम केलंत तर झाड आणि कळस दोन्ही सारख्याच पटीनं मोठे होतील. कळस झाडामागे अर्धा लपला असेल तर तो लपलेलाच राहील. पण तुम्ही दोन पावलं डावीकडे गेलात तर कळस झाडाआडून बाहेर येईल. खाली बसलात तर झाड उंच होईल आणि कळस बुटका. वस्तूंचं आपसातलं नातं फक्त आपली जागा बदलल्यानं बदलतं. म्हणून फोटोची रचना मुख्यतः पायांनी होते. झूम म्हणजे नंतरची कातरी.

आणि कुठे सरकायचं हे कसं ठरवायचं? त्यासाठी मी एक साधी सवय लावून घेतली आहे. कॅमेरा काढण्याआधी, इथे न आलेल्या माणसाला काय सांगायचंय ते एका वाक्यात मोठ्यानं म्हणायचं. ‘इथलं दृश्य सुंदर आहे’ हे वाक्य चालत नाही. ‘हा कडा इतका खोल आहे की पोटात गोळा येतो’ हे चालतं. ‘भातखाचरांचे बांध पायऱ्यांसारखे वर चढत गेलेत’ हे चालतं. वाक्यात ‘आणि’ आला, की बहुधा ते दोन फोटो असतात.

पुढच्या जानेवारीत मी परत गडावर गेले, या एकाच वाक्यासाठी. या वेळी मुक्कामाच्या तयारीनं, म्हणजे दिवसभर वेळ होता. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. बारा वाजता ऊन डोक्यावर असतं आणि कड्याचं आत गेलेलं पोट स्वतःच्याच सावलीत काळं दिसतं. दुपारी चारनंतर ऊन तिरपं होऊन आत शिरतं आणि खडकाचा एकेक थर, एकेक भेग उठून दिसायला लागते. उजेड बाजूनं आला तरच उंचसखलपणा कळतो. भिंतीचे पोपडे ट्यूबलाइटमध्ये दिसत नाहीत आणि तिरप्या उन्हात दिसतात, तसंच हे. मला पहिल्या खेपेला कुणी सांगितलं असतं, तर मी दुपारी देवळाजवळच्या झाडाखाली झोप काढली असती.

जागाही बदलली. टोकावर न जाता मी कड्याच्या कडेकडेनं, पण सुरक्षित अंतर राखून एका बाजूला चालत गेले. कडा अर्धवाटीसारखा वळलेला असल्यामुळे वाटीच्या एका काठावरून समोरचा काठ आणि त्याखालची अख्खी भिंत दिसते. इथून कडा दिसत होता! पण कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिल्यावर तो पुरेसा खोल वाटेना. खडकाची एक मोठी भिंत, बस. ती पन्नास फुटांची की हजार फुटांची, हे कशावरून कळावं? मोजायला काही नव्हतं. आमच्यातल्या एका मित्राला मी समोरच्या काठावर पाठवलं. तो पालथा पडून खाली डोकावला आणि दुसऱ्यानं रिवाजाप्रमाणे मागे बसून त्याचे पाय धरले. आता मोजमाप मिळालं, पण गंमत अशी की दोघं दिसत होते तोवर तो सहलीतला खेळ वाटत होता. मी दोन-तीन पावलं उजवीकडे सरकले. तिथे एक मोठा दगड होता, त्याच्याआड मागचा मित्र पूर्ण गेला. पालथ्या माणसाचे पायही दगडामागे गेले. उरलं फक्त कडेबाहेर निघालेलं एक डोकं आणि खांदे, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढे. बाकी सगळी चौकट खाली उतरत गेलेल्या खडकाची. आकाश अगदी बोटभर ठेवलं.

त्या दिवशी मी सहाच फोटो काढले. हा त्यातला पाचवा.

अण्णांनी तो हातात घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांचं बोट त्या कोपऱ्यातल्या दाण्यापाशी गेलं. ‘कोण गं हा? त्याचे पाय धरलेत ना कुणी?’

मी म्हटलं, ‘धरलेत अण्णा. दगडामागे आहे तो.’

‘मग ठीक,’ म्हणाले.

आता या फोटोबद्दल नवी मुलं मला विचारतात, की यात ‘रूल ऑफ थर्ड्‌स’ कुठे आहे? माणूस तर पार कोपऱ्यात आहे. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे, क्षितिज वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवायचं आणि महत्त्वाची वस्तू रेषा एकमेकींना छेदतात तिथे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ सुरू केलं की या रेषा पडद्यावर दिसतात. जरूर सुरू करा. निदान समुद्र एका बाजूला सांडल्यासारखा तिरका येणार नाही. पण या नियमाला वेदवाक्य मानू नये. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली ग्रामीण दृश्यांवरच्या आपल्या पुस्तकात त्याला हे नाव दिलं. चित्रात आकाश आणि जमीन, उजेड आणि अंधार यांचे निम्मे-निम्मे वाटे करू नयेत, एकाला दोन भाग द्यावेत आणि दुसऱ्याला एक, असं त्याचं साधारण म्हणणं. म्हणजे मूळ मुद्दा कोण मोठं आणि कोण लहान हे ठरवण्याचा आहे. माझ्या पहिल्या बावीस फोटोंत नेमकं तेच ठरलं नव्हतं. अर्धं आकाश, अर्धी जमीन, दोघंही रिकामे.

ठरवलं असेल तर नियम मोडलेला शोभतो. अँसेल अ‍ॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकारानं १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. संध्याकाळी गाडीनं परतताना त्याला ते दिसलं. त्यानं घाईघाईनं कॅमेरा मांडला, तर उजेड मोजायचं मीटर सापडेना. चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, त्या हिशेबानं त्यानं एक फोटो घेतला. दुसरा घेणार तोच खालच्या दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवरचं शेवटचं ऊन गेलं. या जगप्रसिद्ध फोटोत अर्ध्याहून अधिक चौकट जवळजवळ काळं, रिकामं आकाश आहे. खाली एवढंसं गाव आणि ते क्रूस. ते आकाश कापून टाकलं, तर फोटोत नुसती चार घरं उरतील. आणखी एक गोष्ट, अ‍ॅडम्सचा तो मोठा कॅमेरा चित्र उलटं दाखवायचा, म्हणजे आकाश खाली आणि जमीन वर. उलट्या चित्रात आपल्याला ‘डोंगर’, ‘झाड’ अशी नावं आठवत नाहीत, नुसते आकार दिसतात. काढलेला फोटो मोबाइलवर उलटा करून बघा, कुठली बाजू जड झाली ते लगेच कळतं.

जवळच्या वस्तूबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण नवख्यांच्या फोटोत ती नसतेच. लांबच्या डोंगराला खोली देते ती पायाशी असलेली एखादी गोष्ट: दगड, बांध, पाण्याचं डबकं, वळत जाणारी पायवाट. गुडघ्यावर बसा, ती मोठी होते आणि डोळा तिच्यावरून चालत डोंगरापर्यंत पोचतो. वाट मात्र चौकटीच्या आत जाणारी हवी. बाहेर जाणारी असली की बघणारा तिच्याबरोबर बाहेर जातो. पण ही जवळची वस्तू मिळवण्याच्या नादात कासच्या पठारावर फुलांमध्ये आडवे झालेले लोक मी पाहिले आहेत. ज्या फुलांचा फोटो काढायचा तीच पोटाखाली! वाटेवरून जेवढं मिळेल तेवढंच घ्यावं. पावसाळ्यात तर याचीही गरज पडत नाही. धुकं आपल्यासाठी गाळण्याचं काम करतं. मागचे पसारे पुसले जातात आणि एकामागे एक डोंगरांच्या रांगा फिकट होत गेलेल्या दिसतात. अशा वेळी मात्र झूम करायला हरकत नाही.

शेवटचं काम बटण दाबायच्या आधी दोन सेकंदांचं. आपली नजर मधल्या सुंदर वस्तूवर खिळलेली असते, ती तिथून उचलून चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवून आणायची. कुठून अर्धी फांदी घुसलेली असते, कुणाचा अर्धा हात, कुठे चिप्सची पुडी. मला हे माहीत असूनही मी चुकते. म्हणून घरी आल्यावर एक परीक्षा ठेवली आहे. फोटो अशा माणसाला द्यायचा जो तिथे आलेला नाही, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ‘प्रत्यक्षात काय सुंदर होतं’ तर अजिबात म्हणायचं नाही. तो पहिला प्रश्न काय विचारतो ते ऐकायचं. अण्णा होते तोवर हे काम ते करायचे. हल्ली शेजारच्या काकू करतात. गेल्या पावसाळ्यात मुळशीकडच्या खाचरांचा एक फोटो मी मोठ्या अभिमानानं त्यांच्या हातात दिला. हिरव्यागार पायऱ्या, मागे ढग उतरलेला डोंगर. काकूंनी चष्मा वर-खाली केला, निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘इथे मोबाइलला रेंज चांगली येत असेल, नाही?’

डोंगराच्या उजव्या खांद्यावर टॉवर होता. मला तो तोपर्यंत दिसलाच नव्हता.